शिरगणती

आमची सारी हयात हजेरी घेण्यात गेली असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही. या दीर्घ अनुभवाने आम्हास एक गोष्ट पक्की कळून चुकली आहे. ती ही की, 'हजर' असा आवाज आला म्हणजे माणूस हजर असतोच असे नाही. आवाज बदलून मित्राच्या नावावर 'हजर' म्हणणारे परोपकारी जीव प्रत्येक वर्गात असतात, आणि आम्हीही बहुधा ऐकून न ऐकल्यासारखे करतो. तेवढ्याने कोणी बुडत नाही, अशी आमची आजवर समजूत होती. ती समजूत गेल्या मार्गशीर्षात मालवणच्या समुद्रावर थोडक्यात फिटली.

झाले ते असे. पाठीवर हवेचे नळकांडे बांधून समुद्राच्या तळाचे मासे पाहण्याचा जो नवा खेळ अलीकडे मालवणास चालतो, तो पाहिल्यावाचून परतायचे नाही असा आमच्या कन्येने हट्ट धरला. सिंधुदुर्ग किल्ल्यालगतच्या खडकांकडे जाणाऱ्या एका होडीत आम्ही सहकुटुंब बसलो. चढण्यापूर्वी प्रत्येकाकडून एका छापील कागदावर सही घेण्यात आली. जे काही होईल ते आमच्या जोखमीवर, असा त्याचा एकंदर मथितार्थ असावा. 'असावा' म्हणण्याचे कारण, इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात जन्म घालविलेल्या आम्ही तो इंग्रजी कागद न वाचताच सही ठोकली होती.

सर्वांच्या बुड्या आटोपल्या तेव्हा उन्हे कलली होती. आम्हास कुडाळची गाडी गाठायची होती; शिवाय होडीच्या हेलकाव्यांनी आमच्या मंडळींचे डोके धरले होते. आम्ही आमची चार माणसे पाहिली, समोरच्या बाकांवरची दाटी पाहिली, आणि तांडेलाला मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "सगळे आले हो, चला आता!" म्हाताऱ्या तांडेलाने यंत्राच्या दोरीवर ठेवलेला हात काढून घेतला. "तुमी तुमची माणसा मोजलात, मास्तर," तो शांतपणे म्हणाला, "माका सगळी बोट मोजूची आसा." आणि एकेका डोक्याकडे बोट दाखवीत तो खरोखरच मोजू लागला. एक माणूस कमी भरला. दुसऱ्यांदा मोजले, तरीही एक कमीच. शेवटी तो सापडला. कोल्हापूरकडचा एक तरुण होडीच्या मागच्या अंगाला, यंत्राच्या आडोशाला, काठ धरून निवांत तरंगत होता; आणि पाण्याखालचा पंखा त्याच्या पायांपासून हातभर अंतरावर होता.

होडीत कोणी काही बोलले नाही. तो तरुण हसत वर चढला आणि अंग पुसू लागला. आम्ही मात्र किनारा येईपर्यंत मान वर केली नाही. त्या अनोळखी मुलाच्या नावावर आम्ही 'हजर' म्हटले होते!

गाडीत त्या रात्री झोप लागली नाही, आणि पूर्वी केव्हातरी वाचलेली एक हकीकत पुन्हापुन्हा आठवू लागली. २५ जानेवारी १९९८ रोजी ऑस्ट्रेलियातील पोर्ट डग्लस बंदरातून एक नौका सव्वीस उतारूंना घेऊन सेंट क्रिस्पिन नावाच्या प्रवाळखडकाकडे गेली. उतारूंत एक अमेरिकन दांपत्य होते. प्रशांत महासागरातील बेटांवर शिक्षकाचे काम आटोपून ती दोघे निघाली होती. दिवस मावळतीस आला तेव्हा नौका परतली, आणि ती दोघे पाण्यातच राहिली. नौकेवर शिरगणती झाली नाही असे नव्हे. ती झाली, परंतु ती चालू असतानाच काही जण पुन्हा पाण्यात उतरले, चोविसाच्या आकड्यात दोन मिळविण्यात आले, आणि कागदावरचा हिशेब जुळला. त्या दोघांची पिशवी नौकेवरच पडून होती. ती उघडून पाहण्यास आणि दोन माणसे नाहीत हे कळण्यास दोन दिवस लागले. पुढे पुष्कळ शोध झाला, पण त्यांची शरीरे कधीच मिळाली नाहीत. नौकेच्या कप्तानावर खटला झाला व तो निर्दोष सुटला. नौका चालविणाऱ्या मंडळीने निष्काळजीपणाचा आरोप कबूल करून दंड भरला. त्या प्रसंगानंतर तेथील शिरगणतीचे नियम कडक करण्यात आले.

या हकीकतीतील भयंकर गोष्ट समुद्र नव्हे. त्या दिवशी वादळ झाले नव्हते किंवा यंत्रही बिघडले नव्हते. चुकली ती बेरीज, आणि तीही आमच्यासारख्याच कोणाच्या तरी 'सगळे आले' या समजुतीने चुकली.

पाण्याखाली गेलेला माणूस किती परस्वाधीन असतो, याची काठावरच्यांना कल्पना नसते. १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो व गान्याँ या दोघांनी श्वासाचे ते यंत्र सिद्ध केल्यापासून माणसास माशासारखे विहरता येऊ लागले खरे. परंतु माशाचे कान काही त्यास लाभले नाहीत. हवेतील ध्वनीहून पाण्यातील ध्वनी चौपटीहून अधिक वेगाने धावतो. त्यामुळे तो दोन्ही कानांवर जवळजवळ एकाच क्षणी येऊन आदळतो, आणि कोणत्या बाजूने आला हे मेंदूस उमगत नाही. डोक्यावरून धावणाऱ्या नौकेची घरघर पाणबुड्यास स्पष्ट ऐकू येते. पण नौका उजवीकडे आहे की डावीकडे, हे त्यास सांगता येत नाही. पाण्याबाहेर डोके काढताना तो जवळजवळ आंधळाच असतो. म्हणून पाहण्याचे काम वरच्यांनी करावयाचे असते. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नौकानियमांतील पाचव्या नियमाने प्रत्येक नौकेवर डोळ्यांनी व कानांनी अखंड पहारा ठेवण्याचे बंधन घातले आहे. आणि ज्या नौकेचे पाणबुडे खाली आहेत तिने निळ्या-पांढऱ्या रंगाचे, 'ए' या अक्षराचे निशाण दाखवावे व इतरांनी दूर राहून सावकाश जावे, असा संकेत आहे.

संकेत पाळणारा कोणी नसला म्हणजे काय होते, ते मेक्सिकोच्या कोसुमेल बेटाजवळ दिसले. १८ डिसेंबर २००० रोजी इंग्लंडची प्रसिद्ध गायिका कर्स्टी मॅकॉल आपल्या दोन मुलांसह पाण्यातून वर येत होती. जेथे यांत्रिक नौकांच्या संचारास बंधन होते, तेथे एक वेगवान नौका घुसली. आईने मुलाला बाजूस ढकलले. तो वाचला, ती गेली. नौकेचा धनी मोठा श्रीमंत व्यापारी होता व तो नौकेवरच होता. सुकाणू आपल्या हाती होते असे त्याच्या एका नोकराने सांगितले. काही साक्षीदारांना मात्र ते पटले नाही. त्या नोकरास दोन वर्षे दहा महिन्यांची कैद झाली, आणि कैदेऐवजी १,०३४ पेसो भरून तो मोकळा झाला. एका नौकेच्या साध्या दुरुस्तीसही याहून अधिक खर्च येत असेल!

याच्या उलट टोकाचे उदाहरण अमेरिकेचे आहे. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटापाशी नांगरलेल्या 'कन्सेप्शन' या पाणबुड्यांच्या नौकेस आग लागली व तळघरात निजलेली ३४ माणसे दगावली. त्या रात्री नौकेवर कोणीही पहाऱ्यावर जागे नव्हते. आगबोटींच्या स्फोटांनी त्रासलेल्या अमेरिकेने १८३८ साली केलेल्या एका कायद्यापासून चालत आलेल्या कलमाखाली तिचा कप्तान २०२३ मध्ये दोषी ठरला व पुढील वर्षी त्यास चार वर्षांची कैद झाली. ज्याच्या हाती नौका, त्याच्या हाती जीव, आणि त्याचा हलगर्जीपणा हा गुन्हाच, असे ते कलम मानते.

आमच्या मते यातच खरे मर्म आहे. उतारूच्या सहीने ही जबाबदारी उतरत नाही, कारण उतारू सही करतो ती समुद्राच्या लहरीस. नावाड्याच्या विसरभोळेपणास नव्हे. मासा चावला किंवा घाबरून कोणाचा दम कोंडला, तर त्यात बुडी घेणाऱ्याचा वाटा असेल. पण वर कोणी मोजलेच नाही, यात खालच्याचा वाटा कोणता? धन्यालाही ती नोकरावर ढकलता येऊ नये, कारण दिवसाच्या फेऱ्या किती व फेरीमागे माणसे किती, हे पगारी तांडेल ठरवीत नसतो. मालवणास लागूनच असलेल्या तारकर्लीस २४ मे २०२२ रोजी स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची नौका उलटली व दोन जीव गेले. अशा प्रसंगानंतर चार दिवस आपण नावाड्यांस शिव्या देतो, आणि पाचव्या दिवशी तशाच एखाद्या होडीत बसून त्यास म्हणतो, "अहो, चला की लवकर!"

ही घाई आमची होती, हे आम्हास कबूल केले पाहिजे. त्या म्हाताऱ्याने आमचा शब्द मानला असता आणि नको ते घडले असते, तर फौजदार त्याच्याच दारी गेला असता. पैसे देणाऱ्या, शिकल्यासवरलेल्या माणसाचा शब्द न मानण्यास जे धैर्य लागते, ते त्याच्यापाशी होते. त्याबद्दल त्याचे आभार मानण्याचेही आम्हास त्या वेळी सुचले नाही. धक्क्यावर उतरताना तो पुन्हा एकवार माणसे मोजीत होता. आम्ही शेजारून गेलो तेव्हा त्याने आमच्याकडे पाहिलेही नाही. त्याच्या लेखी आम्ही केवळ अकरावे होतो.

सुटी संपून महाविद्यालय उघडले. पहिल्याच तासाला मागल्या बाकावरून एक ओळखीचा आवाज भलत्याच नावावर 'हजर' म्हणाला. आम्ही लेखणी खाली ठेवली, चष्मा सारखा केला, आणि पहिल्या बाकापासून एकेक डोके मोजावयास सुरुवात केली.