कुणावर गेलीय हो?

अमेरिकेत नातीगोती उरली नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी ‘हीरोज’ ही तिकडची मालिका बघावी आणि तिच्या भक्तांचे वादही ऐकावेत. आपल्याकडच्या बारशालासुद्धा इतकी कुळाची चिरफाड होत नाही!

मालिका २००६ च्या सप्टेंबरात सुरू झाली आणि २०१० च्या फेब्रुवारीत आटोपली. चारचौघांसारख्या माणसांना अचानक काहीबाही यायला लागतं. कुणी उडतो, कुणी भिंतीतून आरपार जातो, कुणी काळ थांबवतो. (हे शेवटचं आपल्याकडे कुठल्याही कचेरीतल्या खिडकीमागे बघायला मिळतं, पण ते असो.) याचं मूळ शोधणारा प्राध्यापक मोहिंदर सुरेश चक्क मद्रासचा. कुळाचा प्रश्न निघाला की अमेरिकेलाही आपलाच माणूस लागतो!

एकदा ‘जनुक’ हा शब्द कानावर पडला आणि भक्तमंडळी वंशवृक्ष काढायला बसली. मॅट पार्कमन या पोलिसाला दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येतं. पुढे निघालं, त्याच्या बापालाही येतं. झालं! बापाचा गुण जसाच्या तसा लेकात उतरतो, हा सिद्धान्त पक्का. पण मायका नावाच्या पोराची आई अचाट ताकदीची, बाप भिंतीतून जाणारा आणि हा पठ्ठ्या बोलतो यंत्रांशी! लगेच दुसरा पक्ष सरसावला : शक्ती वंशात येते, कुठली ते ज्याचं त्याचं नशीब.

खरं कोडं क्लेअर बेनेटचं. तिची जखम बघता बघता भरून येते. जन्मदाता नेथन पेट्रेली उडतो, जन्मदात्री हातातून जाळ काढते. नेथनची आई स्वप्नात भविष्य बघते, वडील इतरांच्या शक्ती हिसकावतात आणि धाकटा भाऊ जवळ येईल त्याची शक्ती उचलतो. धाकटा वडिलांवर गेलाय, हे आमची आत्याही ओळखेल, पण क्लेअर? मेंडेलबाबांनी १८६६ साली वाटाण्याच्या वेलांवरून प्रभावी-अप्रभावी गुणांचा हिशेब मांडला खरा. पण त्यांच्या बागेत उडणारा वाटाणा नव्हता.

त्यात २००८ साली, तिसऱ्या पर्वात, लेखकांनीच बाँब टाकला. नेथनचं उडणं जन्मजात नव्हतंच. लहानपणी औषध देऊन ते आणवलं होतं! कष्टाने काढलेले वंशवृक्ष मुळासकट आडवे. मग क्लेअरचा गुण आजोळचा म्हणायचा, की एक पिढी गाळून आजीकडून आलेला? आपल्याकडे हा घोळ नाही. हुशारी आली की ती आपल्याकडची, हट्ट आला की तो तिच्या माहेरचा!

या धुमाळीत एक गृहस्थ कुठल्याच वंशवृक्षात बसत नाही. तो म्हणजे नोआ बेनेट, क्लेअरला वाढवणारा बाप. शक्ती शून्य. जाड काड्यांचा चष्मा आणि कागद विकण्याची नोकरी, तीही दाखवण्यापुरती. मनकवड्यांना आपल्या डोक्यातून पोरीचा ठावठिकाणा मिळू नये, म्हणून हा माणूस स्वतःची आठवणच पुसून घेतो! जखम भरणं क्लेअरला रक्तातून आलं असेल. पण संकटात डोकं ठिकाणावर ठेवणं आणि वेळेला बेमालूम थाप मारणं कुठून आलं?

हा सिद्धान्त माझ्या पुतणीचा. भावाने आणि वहिनीने तिला अकरा महिन्यांची असताना घरी आणलं. तिला सगळं ठाऊक आहे. नातेवाईक मात्र कौतुकाने ‘कुणावर गेलीय हो?’ असं विचारून बसतात आणि आठवण झाली की चहाच्या कपात तोंड घालतात. वास्तविक ही सोळा वर्षांची मुलगी पेपर शेवटच्या पानापासून वाचते, वादात हरायला लागली की चष्मा काढून पुसते आणि लागोपाठ तीन शिंका देऊन ‘अरे देवा’ म्हणते. तिन्ही खोडी माझ्या भावाच्या. त्याला त्या आमच्या वडिलांकडून आल्या.

परवा वहिनीच्या मावशींनी तोच प्रश्न विचारला आणि जीभ चावली. पुतणीने चष्मा काढला, सावकाश पुसला आणि म्हणाली, “मावशीआजी, बाबांच्या चष्म्यावर!”

भाऊ पेपर वाचत होता. शेवटचं पान त्याचं सकाळीच वाचून झालं होतं; तरी बराच वेळ तो तेच तोंडासमोर धरून बसला होता.