आयोवातील पेपरची झोळी

अमेरिकेतले आयोवा राज्य म्हणजे मका आणि सोयाबीनचे आगर. डी मॉइन ही त्याची राजधानी. मुलीकडे तेथे महिनाभर राहणे झाले. तिकडे सुटीच्या दिवशी लोक घरातल्या जुन्या वस्तू दारापुढे मांडून विकतात. अशाच एका मांडणीत, फावड्या-कुदळींच्या शेजारी, जाड कॅनव्हासची मळकट झोळी पडली होती. रुंद पट्टा, उघडे तोंड आणि अंगावर ठळक अक्षरांत ‘डी मॉइन रजिस्टर’ हे वर्तमानपत्राचे नाव. विकायला बसलेल्या आजी म्हणाल्या, ही माझ्या मुलाची.

शेतावरच्या घरांना तिकडे पेपर टपालाने जाई. खेड्यापाड्यांत घरपोच टपाल १८९६ साली सुरू झाले. गावात मात्र पेपर टाकीत ती बारा-तेरा वर्षांची मुले. पहाटे घड्या घालायच्या, झोळी भरायची, पट्टा खांद्यावरून आडवा घ्यायचा. हात मोकळे, त्यामुळे सायकलही चालवता येई. रविवारचा अंक इतका जाडजूड, की त्या दिवशी कित्येक मुले छोटी हातगाडी ओढीत नेत. हा पोरगा म्हणजे छोटा दुकानदारच! पेपर ठोक दराने घ्यायचे, दारोदार पैसे गोळा करायचे, बिल भागवून उरेल ते आपले. कोणी बुडवले तर खोटही त्याचीच. घरोघर दुधाचा रतीब घालणाऱ्यांना हा हिशेब नवा नाही.

५ सप्टेंबर १९८२, रविवारची पहाट. लगतच्या वेस्ट डी मॉइनमध्ये पेपर टाकायला निघालेला १२ वर्षांचा मुलगा नाहीसा झाला. मागे राहिली ती पेपरची हातगाडी. १२ ऑगस्ट १९८४, पुन्हा रविवारच. डी मॉइनमध्ये १३ वर्षांचा दुसरा मुलगा गेला. त्याची झोळी रस्त्याकडेला सापडली, आत पेपर तसेच. दोघांचाही आजवर पत्ता नाही. त्या दुसऱ्या बातमीनंतर आजींनी आपल्या मुलाचे काम बंद केले. कित्येक आईबाप मुलांबरोबर स्वतः जाऊ लागले, आणि पुढे हे काम मोटारीतून फिरणाऱ्या मोठ्या माणसांकडे गेले.

झोळी मुलीने घेतली. परसातला गोड मका तोडताना ती गळ्यात अडकवते. दोन्ही हातांनी कणसे मोडता येतात. आपल्याकडे वाल, गवार तोडताना अशी झोळी सोयीची पडेल. कॅनव्हास म्हणजे कापसाचेच घट्ट विणीचे कापड. गरम पाण्यात घातले तर आटते. थंड पाण्यात धुवावी आणि शिवणीपर्यंत खडखडीत वाळल्यावरच घडी करावी, नाहीतर बुरशी धरते.