स्कॉटलंडचे धुके आणि बाबांचा क्लार्नेट

प्रवेशाच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. मी त्यात 'शेती' असे लिहिले. ते खोटे नव्हते. दीड एकर कोरडवाहू आहे. पण आमचे घर चालते ते बाबांच्या क्लार्नेटवर. ते लग्नाच्या बँडमध्ये वाजवतात. गेल्या वर्षी वर्गमित्राच्या बहिणीच्या लग्नात वरातीपुढे बाबाच होते आणि मी मंडपामागे, पाण्याच्या टाकीआड उभा राहिलो. त्यांनी मला पाहिले नाही, असे मी धरून चाललो होतो.

इंग्रजीच्या तासाला रोमँटिक कालखंड शिकवताना सरांनी मोबाईलवर मेंडेल्सोन या जर्मन संगीतकाराची 'स्कॉटिश सिंफनी' थोडीशी ऐकवली. वर्गात हशा पिकला. हसण्यात मीही होतो. रात्री मात्र घरी येऊन ती पुरी चाळीस मिनिटे ऐकली.

मेंडेल्सोनचा जन्म १८०९ चा. वडील बँकवाले, तेव्हा हिंडण्याफिरण्याला पैशाची ददात नव्हती. वीस वर्षांचा असताना, १८२९ साली, तो स्कॉटलंडला गेला. एडिंबरोच्या राजवाड्यालगतचे, छत कोसळलेले, वेलींनी वेढलेले प्रार्थनामंदिर त्याने तिन्हीसांजेला पाहिले आणि सिंफनीची सुरुवात आपल्याला तिथेच सापडली, असे घरी पत्राने कळवले. पुढे तो इटलीत गेला. तिथल्या लख्ख उन्हात स्कॉटलंडचे धुके काही केल्या मनात उतरेना! मग इटलीवरच निराळी सिंफनी झाली. ती १८३३ मध्ये लंडनला वाजली, तरी त्याचे समाधान होईना. हयातीत त्याने ती छापू दिली नाही. स्कॉटिश पुरी झाली १८४२ मध्ये, तेरा वर्षांनी. (परीक्षेच्या आदल्या रात्री निबंध उरकणाऱ्या आम्हां मंडळींनी याची नोंद घ्यावी.) आपल्याकडे कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाच्या दुखण्यामुळे देवासला जाऊन राहिले. तिथे माळव्याची लोकगीते कानी पडली आणि त्यांतून पुढे नवे राग उभे राहिले. परमुलखाचा सूर रुजायला असा वेळ लागत असावा.

सिंफनीच्या दुसऱ्या भागात एक उडती चाल येते. बहुतेक पाचच सुरांवर फिरणारी, आपल्या भूपाच्या जवळची. आणि ती आधी वाजवतो कोण, तर क्लार्नेट!

बाबा ओसरीवर जेवत होते. त्यांचा हात थांबला.

"काय ऐकायलास रे? क्लार्नेट हाय की त्यो!"

मी सांगितले, साठ-सत्तर माणसांचा ताफा असतो. आणि मधे न थांबता एका भागातून दुसऱ्यात जायचे, असे त्या माणसानेच लिहून ठेवले आहे.

"वरातीत तरी कुठं थांबता येतंय?" बाबा म्हणाले.

बाबांचा परदेश म्हणजे बोधन, निजामाबाद. सुगीच्या लग्नांना टेम्पोत ढोलाशेजारी अंग चोरून बसायचे, सीमा ओलांडायची आणि येताना तेलुगू चाली घेऊन यायचे. नायगावच्या वरातीत लोक ज्यांवर बेभान नाचतात, त्यांतल्या कितीतरी चाली पलीकडच्या आहेत, हे नाचणाऱ्यांना ठाऊक नसते. त्या कुठल्याच कागदावर नाहीत. बाबांना नोटेशन येत नाही. एकदा ऐकले की बोटांत बसते, एवढेच. मला आजवर त्याचे कधी नवल वाटले नव्हते. वाटली ती लाजच.

तीनदा ऐकून झाल्यावर त्यांनी पेटीतून क्लार्नेट काढला, रीड ओठांत ओली केली. पहिल्या दोन ओळी जमल्या. तिसरीत बोधनकडची कुठलीशी चाल घुसली. स्वतःशीच हसले.

"परत लाव."

मी लावले. ऐकता ऐकता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारले, "तुमच्या कॉलेजात हे ऐकवायलेत व्हय?"

"हो."

"मग त्या दिवशी टाकीमागं कशाला उभा ऱ्हायलास?"

माझ्या उत्तरासाठी ते थांबले नाहीत. क्लार्नेट पुन्हा ओठांना लावला आणि तिसरी ओळ पहिल्यापासून वाजवू लागले.