हातभर तार

शंभर-दीडशे रुपयांची एक हातभर तार विकत घ्यावयास मला सबंध एक वर्ष लागलें. कंजूषपणा हें त्याचें कारण नव्हे, आणि आळस हेंही पुरतें कारण नव्हे. खरें कारण थोडें लाजिरवाणें आहे. पण ज्या अर्थीं हें लिहावयास बसलों आहें त्या अर्थीं तें सांगितल्यावांचून सुटका नाहीं.

वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडींत आम्ही राहतों. १९३२ सालीं विनोबा येथें राहावयास आले आणि १९३८ सालीं पवनारला गेले; त्या वेळीं हें एक निराळें खेडें होतें. आज वर्धा कोठें संपतें आणि नालवाडी कोठें सुरू होते हें रिक्षावाल्यालाही सांगतां यावयाचें नाहीं. आमच्या बैठकीच्या खोलींत वडिलांचा जुना ॲम्प्लिफायर आणि दोन भलेमोठे स्पीकर आहेत. नोकरींत असतांना त्यांनीं ते हप्त्यांनीं घेतले. त्यांवर आधीं तबकड्या वाजल्या, मग कॅसेटी. पुढें तबकड्यांचें यंत्र बिघडलें, कॅसेटींना बुरशी आली, आणि गेलीं दहा वर्षें त्या ॲम्प्लिफायरवर आईनें विणलेलें झांकण व झांकणावर फुलदाणी अशी व्यवस्था होती. गाणें बैठकींतून उठलें आणि एकेकाच्या कानांत जाऊन बसलें.

माझा मुलगा शिक्षणासाठीं परदेशीं गेला तेव्हां आपला आयपॉड मला देऊन गेला. २००१ सालीं बाजारांत आलेली ही वस्तु २०२२ सालीं बंद झाली; त्यामुळें मुलाच्या लेखीं ती अडगळच. पण जातांना त्यानें आजोबांच्या आवडीचीं दोन-तीनशें गाणीं तींत भरून ठेविलीं होतीं आणि बजावलें होतें, "बाबा, हा आजोबांच्या सिस्टिमला जोडून द्या. एक केबल पुरे."

मीं तो जोडला नाहीं. पहाटे पवनारच्या दिशेनें फिरावयास जातांना मी तो खिशांत घालूं लागलों. कानांत दोन बोंडें घातलीं कीं रस्त्यावरचे ट्रक नाहींसे होत, आणि जिला ऐकावयास वडील एके काळीं रेल्वेचें तिकीट काढून नागपुरास जात ती गायिका केवळ माझ्यासाठीं गाऊं लागे. या एकांताची मला चटक लागली. तार आणली तर आयपॉड बैठकींत जाऊन बसेल व माझा खिसा रिकामा होईल, असें मीं मनांतसुद्धां कधीं स्पष्ट म्हटलें नाहीं. पण तारेचें दुकान समोर आलें कीं मला दुसरें कांहीं तरी काम आठवे. हेंच तें लाजिरवाणें कारण.

तसें या सुखांत नवें कांहीं नाहीं. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ सालचा. पुढें अमेरिकेंत नाणें टाकून तो ऐकण्याचीं दुकानें निघालीं, तेव्हां गिऱ्हाईक कानांत नळ्या घालूनच ऐकत असे. कर्णा आला आणि गाणें साऱ्या घराचें झालें. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान कर्ण्यापुढें गाइली, ती पुढें कितीतरी ओसऱ्यांवर ऐकूं आली. आतां आपण पुन्हां नळ्यांपाशीं येऊन पोहोंचलों आहोंत. नळ्या तेवढ्या बारीक झाल्या.

एकदां मन खाऊं लागलें म्हणून तीं बोंडें मीं वडिलांच्या कानांत घालून दिलीं. त्यांचें वय शहाऐंशी. डावा कान जाऊन आठ वर्षें झालीं. पांच मिनिटें त्यांनीं डोळे मिटून ऐकलें आणि म्हणाले, "गळा तोच. पण हिच्या साथीला तबला कां रे नाहीं?"

"आहे ना, दादा."

"मला तर ऐकूं येत नाहीं."

मीं बोंडें माझ्या कानांत घातलीं. तबला होता, स्वच्छ होता. पण जवळजवळ सगळाच डाव्या बाजूला होता. स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत दोन कानांना दोन निराळे प्रवाह मिळतात. मुद्रण करणारानें हार्मोनियम उजवीकडे व तबला डावीकडे मांडला असेल तर दोन कानांच्या माणसासमोर मैफल उभी राहते. एका कानाच्या माणसापुढून मात्र तबलजी उठून गेलेला असतो. बोंडें उलट घालून पाहिलीं; तबला आला आणि हार्मोनियम गेला. मीं हें सारें समजावून सांगितलें. "असूं दे," ते म्हणाले, "आतां अर्धेंच गाणें आपल्या वाट्याचें." आणि वायर नीट गुंडाळून त्यांनीं ती माझ्या हातांत परत दिली.

यानंतरही तीन महिने मीं तार आणली नाहीं, हें नमूद करून ठेवतों.

तार शेवटीं वर्ध्याच्या बाजारांतून आणली. एका टोंकाला साडेतीन मिलिमीटर जाडीची पिन. दुसऱ्या टोंकाला दोन शेंड्या, एक पांढरी व एक लाल. ही पिन चांगल्या घराण्यांतली आहे. एकोणिसाव्या शतकांत टेलिफोनच्या कचेरींत ज्या जाड पिना एका भोकांतून काढून दुसऱ्यांत खोंवीत, त्यांची ही नात. तिच्या अंगावरच्या दोन काळ्या कड्यांनीं तिचे तीन भाग पडतात : टोंक डाव्या बाजूचें गाणें वाहतें, मधला भाग उजव्या बाजूचें, आणि मुळाचा भाग ही दोघांची परतवाट. शेंड्यांशीं हे प्रवाह वेगळे होतात. पांढरी डावी, लाल उजवी.

रविवारीं सकाळीं फुलदाणी उतरविली, झांकण काढलें. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर भोकांच्या जोड्या होत्या आणि प्रत्येकीखालीं नांव. मी इंग्रजीचा प्राध्यापक. 'फोनो' हा शब्द दिसला. ध्वनि या अर्थाच्या ग्रीक शब्दाचा हा वंशज. याहून योग्य जागा कोणती, असें म्हणून शेंड्या तेथें खोंवल्या. चालू करतांच असा घोगरा गडगडाट झाला कीं पत्नी हातांतल्या लाटण्यासकट बाहेर आली. ग्रीक भाषेवर विसंबल्याचें हें फळ! ती जागा तबकडीच्या सुईसाठीं राखलेली असते. सुईपासून येणारा प्रवाह फार क्षीण, व्होल्टच्या कांहीं सहस्रांशांइतका. म्हणून तेथें तो कित्येक पट वाढविला जातो, आणि तबकडी कोरतांना मुद्दाम घटविलेले खालचे स्वर पुन्हां फुगविले जातात. आयपॉडमधून भरपूर होऊन निघालेलें गाणें तेथें सोडणें म्हणजे जेवून आलेल्या पाहुण्याला आग्रह करकरून दुसऱ्या पंक्तीस बसविणें.

शेजारीं 'ऑक्झिलिअरी' अशी जोडी होती. तेथें लावल्यावर गळा गळ्यासारखा आला. आयपॉडचा आवाज बारा आण्यांवर ठेवावा व ॲम्प्लिफायर शून्यावरून हळूहळू चढवावा असा क्रम ठरला. उलट केल्यास गाण्याबरोबर खरखरही चढते. मग मीं चार्जर लावला, आणि मागें एक बारीक घरघर सुरू झाली. वडिलांनीं उजवा कान पुढें केला.

"चरखा कोण चालवतें आहे?"

लहानपणीं शाळेंत तकली फिरविलेल्या वर्ध्याच्या माणसालाच हा संशय यावा. चार्जर व ॲम्प्लिफायर दोन्ही घरच्या विजेवर असले कीं त्यांच्यामधून एक फेरा पूर्ण होतो आणि विजेची गुणगुण त्या वाटेनें गाण्यांत शिरते. चार्जर काढला; चरखा थांबला.

तबल्याचा प्रश्न अजून होताच. वडिलांची आरामखुर्ची उजव्या स्पीकरपाशीं असते, कारण तेथून फाटक दिसतें. डावा स्पीकर पार पलीकडच्या भिंतीला. मी खुर्ची हलविण्याच्या बेतांत असतां तेच म्हणाले, "अरे, त्याला मोनोचें एक बटण आहे बघ." होतें, धुळीनें घट्ट बसलेलें. तें दाबलें कीं दोन्ही प्रवाह एकत्र होऊन दोन्ही स्पीकरांतून सारखेच येतात. ध्वनीच्या दर्दी मंडळींना हें पाप वाटेल. मीं तें दोन-तीनदां मागें-पुढें केलें, खटका झाला, आणि भिंतीशीं बसलेला तबलजी खुर्चीजवळ येऊन बसला.

वडील कांहीं बोलले नाहींत. हात खुर्चीच्या दांड्यावर होता. समेला एक बोट उचलून खालीं आलें. लय विलंबित होती. पुढच्या समेला बराच अवकाश होता, आणि तेवढा वेळ मी त्या बोटाकडे पाहत उभा होतों. तें बरोबर जागेवर पडलें.

दुसऱ्या दिवशीं पहाटे फिरावयास निघालों तेव्हां संवयीनें हात खिशांत गेला. फाटकापाशीं पोहोंचतों तों आंतून तानपुरा सुरू झाला. आवाज त्यांनीं जरा जास्तच ठेवला होता. समोरच्या घरांत दिवा लागला. कमी करा म्हणावयास मी परत गेलों नाहीं.