मोत्याचा मोटारप्रवास

महाभारताच्या अखेरीस धर्मराजाला स्वर्गांत न्यावयास इंद्राचा रथ आला, तेव्हां सोबतच्या कुत्र्याला घेतल्यावांचून आपण रथांत पाऊल ठेवणार नाहीं, असें त्यानें निक्षून सांगितलें, ही कथा वाचकांस ठाऊकच आहे. परंतु कुत्रें रथांत बसवावें कसें, बांधावें कोठें, वाटेंत त्याला ओकारी आली तर काय करावें, याविषयीं व्यासांनीं अक्षरहि लिहिलेलें नाहीं. ऐन वेळीं कुत्र्याच्या ठिकाणीं साक्षात् धर्म प्रकट झाला, आणि व्यासांची या वर्णनांतून सुटका झाली. आमची मात्र झाली नाहीं.

दर वैशाखांत व्याडेश्वराच्या दर्शनासाठीं आमचें सारें घर गुहागरास जातें. पूर्वीं मोत्याला शेजारीं ठेवीत असूं. गेल्या वर्षीं ते शेजारी बिऱ्हाड हालवून गेले, आणि त्याआधींच्या खेपेस मोत्यानें चार दिवस अन्नाला तोंड लावलें नव्हतें, हें मुलें विसरलीं नव्हतीं. तेव्हां त्याला बरोबर नेण्याचें ठरलें. आत्याबाईंनीं एवढेंच सांगितलें, "माझ्या सोवळ्याच्या वळकटीला त्याचें नाक लागलें, तर मी पुढची वाट पायीं चालेन हो." आत्याबाईंचें वय अठ्याहत्तर, परंतु त्यांनीं तसें केलेंहि असतें.

पंधरा दिवस मोत्याची तालीम चालली. प्रथम उभ्या गाडींत नुसतें बसणें, मग पर्वतीच्या पायथ्यापर्यंत फेरी, मग खडकवासला. पशुवैद्यांनीं लसीची नोंद पाहिली आणि बजावलें कीं, निघण्यापूर्वीं चार तास तरी पोट हलकें ठेवा. गळपट्ट्याला दोरी बांधूं नका, जोरानें गाडी थांबली तर मानेला हिसका बसतो. छातीभोंवतीं बसणारा पट्टा घालून तो मागच्या आसनाच्या पट्ट्याला अडकवा. झोपेची गोळी द्यावी काय, हा आमचा प्रश्न त्यांनीं फेटाळून लावला. गुंगींतल्या जनावराला वळणावर तोल सांवरतां येत नाहीं. शिवाय माणसांचीं औषधें आपल्या मनानें जनावरांना देणें हा धोक्याचा खेळ आहे. तापावरची साधी पॅरासिटमॉलची गोळी मांजराला विष होते, हें आम्हांला त्या दिवशीं प्रथमच कळलें. (मांजराचें शास्त्र एकंदरीत निराळेंच. तिला घट्ट झांकणाची पेटी हवी, वर पातळ कापड हवें, आणि गाडी चालू असतां ती पेटी कोणींहि उघडावयाची नाहीं. कारण भ्यालेली मांजर नेमकी चालकाच्या पायांखालीं शिरते.)

ताम्हिणीचा घाट सुखरूप उतरला. मोत्यानें खिडकीबाहेर तोंड काढून कान वाऱ्यावर उडवावे, अशी धाकट्याची फार इच्छा होती. पण उडणारी खडी डोळ्यांत जाते म्हणून आम्हीं ती पुरी होऊं दिली नाहीं. इतके आम्ही दक्ष! आणि माणगांवाच्या पुढें एका खानावळीशीं जी चूक झाली, ती आमचीच.

गाडी आंब्याच्या सावलींत लावली, कांचा दोन बोटें उघड्या ठेविल्या, आणि "पांच मिनिटांत येतों" असें मोत्याला सांगून सारीं जेवावयास गेलों. पानें यावयास उशीर झाला. सोलकढी उत्तम होती, म्हणून दुसरी वाटी मागविली. तेवढ्यांत सावली सरकली. पंचवीस मिनिटांनीं धाकटा हात धुवून गाडीपाशीं धांवला आणि त्यानें जी हांक मारली, ती अजून कानांत आहे.

मोत्या आसनाखालीं पडला होता. जीभ लालभडक, तोंडाला चिकट लाळ, धापा इतक्या जलद कीं मोजतां येऊं नयेत. आम्हीं त्याला उचलून सावलींत आणलें, तर त्याला पायांवर उभें राहतां येईना. भ्रमणध्वनीवरून पशुवैद्य सांगत होते, "तोंडांत पाणी ओतूं नका, अंगावर ओता, वारा घाला, मग जवळच्या वैद्यांकडे न्या." गाडींतलें पाणी संपलेलें. थोरला खानावळीकडे धांवला. पण तो बादली घेऊन येण्यापूर्वींच आत्याबाई गाडीपाशीं पोंचल्या होत्या. आपला फिरकीचा तांब्या, ज्याला घरांतलें कोणी बोटहि लावीत नाहीं, तो त्यांनीं स्वतः उघडला आणि मोत्याच्या पोटावर, पायांवर रिता केला. मग गुडघे मोडून तेथेंच धुळींत बसल्या आणि पदरानें वारा घालूं लागल्या. कोणी कांहींच बोललें नाहीं.

महाडास वैद्यांनीं त्याला सायंकाळपर्यंत ठेवून घेतलें. अर्धा तास आणखी गेला असता तर, एवढेंच बोलून त्यांनीं वाक्य सोडून दिलें.

घरीं परतल्यावर आम्हीं वाचलें कीं, कुत्र्याला घाम येतो तो केवळ पंजांच्या तळव्यांना; बाकी सारी उष्णता त्याला धापा टाकूनच बाहेर घालवावी लागते. 2005 सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, उन्हांत उभ्या केलेल्या बंद गाडीचें तपमान तासाभरांत सरासरीनें सुमारें 22 अंश सेल्सिअसनें चढलें, आणि त्यांतली बहुतेक चढ पहिल्या अर्ध्या तासांतच झाली. कांचा किंचित् उघड्या ठेवल्यानें फारसा फरक पडला नाहीं. म्हणजे आमचीं तीं दोन बोटें केवळ आमच्या मनाच्या समाधानापुरतीं होतीं.

परतीच्या प्रवासाला पहांटे चार वाजतां निघालों. दर दोन तासांनीं गाडी थांबे, मोत्या पाय मोकळे करी, पाणी पिई. आत्याबाई मागें त्याच्या शेजारीं बसल्या होत्या. सोवळ्याची वळकटी आमच्या मांडीवर आली होती. माणगांवाच्या अलीकडे तीच खानावळ लागली. यावेळीं दोघेदोघे आळीपाळीनें आंत जाऊन जेवले. सोलकढी मात्र आम्ही गाडीपाशीं उभ्यानेंच प्यालों.