अब्बांच्या पद्मिनीचे चाळीस हिस्से

आमच्या मरहूम अब्बांची प्रीमियर पद्मिनी १९८६ सालची. दुधी रंग, पुढं बाकासारखी सलग सीट आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. त्या काळी नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. अब्बांना तेवढा धीरही नव्हता आणि तेवढे पैसेही नव्हते, म्हणून त्यांनी ती जुनीच घेतली. आम्ही दोघं भाऊ आणि धाकटी बहीण, तिघंही गाडी चालवायला तिच्यावरच शिकलो. अब्बांचे गुडघे गेल्यावर ती शेवग्याच्या झाडाखाली उभी राहिली. अब्बा गेले, तशी तिच्यावरची ताडपत्रीसुद्धा कुणी बदलेना. कोल्हापूरच्या पावसानं पाच वर्षांत खालचा पत्रा असा खाल्ला की मॅट उचलली की जमीन दिसायची.

भंगारवाला दर दोन महिन्यांनी यायचा. धाकट्या भावानं ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केलेला. त्याच्या डोक्यात वेगळंच शिरलं होतं : या गाडीची ऑटोक्रॉसची गाडी करायची. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोकळ्या मैदानात मातीवर वळणावळणाचा तात्पुरता रस्ता आखतात, खुणेला झेंड्या नाहीतर टायर ठेवतात आणि घड्याळ लावून गाड्या सोडतात. सगळ्यांत कमी वेळ घेईल तो जिंकला. खुणेला धक्का लागला की दंडाचे सेकंद वाढतात. शर्यत खरी घड्याळाशी असते, शेजारच्या गाडीला घासून पुढं जायचं नसतं. वेगही हायवेइतका नसतो. वळणाआधी ब्रेक कुठं सोडला आणि ॲक्सिलरेटर कुठं दाबला, यावर सगळा खेळ.

अशी गाडी बनवायची तर मूळ गाडी कापावी लागते. अम्मीसमोर हा विषय निघाला तेव्हा आम्हाला वाटलं, आता रडारड होणार. अम्मी तसबीह फिरवता फिरवता एवढंच म्हणाल्या, ‘‘काटना है तो काटो. लेकिन पैले हिस्सा करो.’’

आणि त्यांचं बरोबरच होतं. अब्बांचं कर्ज फेडून झालं होतं, घराचे कागद झाले होते, पण गाडीचा विचार कुणी केला नव्हता. भंगार म्हणून का होईना, ती तरका होती आणि तिच्यात चार वारसांचा हक्क होता. गाडी पाहून मिस्त्रीनं अडतीस हजार म्हटलं, भंगारवाल्यानं त्याहून कमी. आम्ही चाळीस हजार धरले. त्यामागं हिशेबाची सोय होती : मुलं असताना विधवेचा आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला दोन भाग आणि मुलीला एक. दोन भाऊ आणि एक बहीण, म्हणजे पाच भाग. आठ पाचे चाळीस. अम्मीचे पाच हजार, आम्हा भावांचे चौदा-चौदा आणि बहिणीचे सात. वर्गात अपूर्णांक शिकवताना यापेक्षा सोपं उदाहरण सापडणार नाही.

बहीण म्हणाली, ‘‘मला काय करायचेत सात हजार? सोडले मी.’’ आपल्याकडं बहिणींचा हिस्सा बहुतेक असाच ‘सुटतो’. भावांच्या दारात माहेर राहावं म्हणून त्या तोंडानं सोडतात आणि भाऊ ते खरं मानून मोकळे होतात. शेतीच्या बाबतीत तर हे इतकं सर्रास चालतं की कुणाला त्यात काही खटकतसुद्धा नाही. अम्मींनी ते होऊ दिलं नाही. सात हजार मोजून तिच्या हातात ठेवायला लावले. मग म्हणाल्या, आता तुझे आहेत, ठेव नाहीतर वाट. बहिणीनं पैसे पर्समध्ये टाकले, पर्सची चेन लावली आणि म्हणाली, ‘‘ठेवते. आणि गाडी तयार झाली की मैदानात पहिल्यांदा मी चालवणार.’’

धाकट्या भावाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

पद्मिनीबद्दल चार गोष्टी सांगायला हव्यात, कारण आजच्या मुलांना ती फक्त सिनेमातली टॅक्सी म्हणून माहीत आहे. मूळ गाडी इटलीची, फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ती १९६४ पासून ११०० डिलाइट म्हणून निघू लागली, १९७२ मध्ये प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. उत्पादन २००१ च्या सुमारास थांबलं. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. पण ही नुसती टॅक्सी नव्हती. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथं फियाट धावल्या आहेत. इंजिन पुढं आणि ताकद मागच्या चाकांना, त्यामुळं मातीवर मागची बाजू सरकवत वळवता येते. पुढं विशबोन आणि स्प्रिंग, मागं पाटे. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. सिलिंडरचं घनफळ काढून चारनं गुणलं की १०८९ येतात. घरातल्या मुलांकडून आम्ही हे गणित करून घेतलं, आणि पायचा उपयोग काय हा प्रश्न आमच्या घरात तरी मिटला.

काम अंगणात सुरू झालं. आधी सोलणं. मागची सीट, मॅट, छताचं कापड, दारांची आतली पॅनेल, दोन्ही बंपर, जमिनीला चिकटवलेला डांबरी थर. हा डांबरी थर काढायला आठवडा गेला. छिन्नी आणि हातोडी याशिवाय दुसरा उपाय नाही. टेम्पोवर घालून वजनकाट्यावर नेली तेव्हा रिकाम्या टेम्पोचं वजन वजा जाऊन ८८० किलो भरली होती, सोलल्यावर ७९० भरली. नव्वद किलो म्हणजे एक भरलेला माणूस खाली उतरला. इंजिनाला हात न लावता गाडी तेवढी हलकी झाली.

मग पत्रा. सडलेला भाग कापून १८ गेजचा नवा पत्रा बसवला. घरच्या मीटरवर वेल्डिंग मशीन लावलं की शेजारच्या चाचींचा टीव्ही बंद पडायचा. त्यांची मालिका साडेसातला, म्हणून आमचं वेल्डिंग मगरिबच्या आधी संपायचं. त्या निमित्तानं नमाजही वेळेवर झाली, हे खरं सांगायला हरकत नाही.

सगळ्यांत जास्त वेळ आणि पैसा गेला तो केजवर. गाडी उलटली तर छप्पर दाबलं जाऊ नये म्हणून आत पाइपांचा पिंजरा बसवतात. इथं आमचा आणि मिस्त्रींचा पहिला वाद झाला. मिस्त्री म्हणाले, ‘‘जीआय पाइप घालूया की, कशाला खर्च?’’ नळाची पाइप जोडाची असते, धक्क्यात शिवण उकलली तर तीच भाल्यासारखी आत येणार. आम्ही हट्टानं बिनजोडाची सीमलेस पाइप आणली : मुख्य कमानीला ४५ मिलिमीटर व्यासाची, अडीच मिलिमीटर जाडीची, बाकीच्यांना ३८ ची. पाइप जिथं जमिनीला टेकते तिथं किमान तीन मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी पत्र्याला जोडायची, नाहीतर उलटल्यावर पाइप पत्रा फोडून खाली निघून जाते. वाकवण्याचं काम शिवाजी उद्यमनगरात करून घेतलं. त्या भागात लेथ आणि भट्ट्या इतक्या आहेत की नमुना घेऊन गेलं तर काहीही बनून मिळतं. गिअरच्या दांड्याच्या जोडण्यांतले झिजलेले बुशही तिथंच नायलॉनचे कातून घेतले. दांड्याचा गिअर सैल झाला की दुसरा घालताना चौथा पडतो, आणि वळणावर ते परवडत नाही.

इंजिनाच्या बाबतीत धाकट्याला खूप काही करायचं होतं. आम्ही त्याला आवरलं. नवे रिंग, व्हॉल्व्हचं ग्राइंडिंग, हेड प्लेन करणं आणि कार्ब्युरेटर नीट साफ करून जेट जुळवणं, एवढ्यावरच थांबलो. खाली चेंबरला चार मिलिमीटरचं गार्ड लावलं, कारण मातीतला एक दगड चेंबर फोडून सगळं ऑइल सांडू शकतो. मागच्या पाट्यांत एक पान वाढवलं, शॉक ॲब्सॉर्बर नवे घातले. ड्रम ब्रेक चारही सारखे जुळवणं हेच मोठं काम. एक जरी आधी धरला तरी गाडी त्या बाजूला ओढते.

गाडी रस्त्यावर चालवायची नाही, हे आम्ही पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या रचनेत असे फेरफार करून गाडी चालवता येत नाही. मोहल्ल्यातली पोरं ‘एक राउंड’ म्हणून मागं लागायची. आम्ही बॅटरी काढून घरात ठेवायचो.

बहिणीच्या चालवण्यावरून घरात आणि घराबाहेर बरंच बोललं गेलं. तिच्या सासरी सासूबाईंनी एकच विचारलं, ‘‘पडली तर?’’ त्यांना केज दाखवला. मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी मात्र हा जुगार आहे असं मशिदीबाहेर सांगितलं. ही गोष्ट नुसती झटकून टाकण्यासारखी नव्हती, म्हणून आम्ही मौलानांकडं गेलो. त्यांनी आधी विचारलं, बक्षिसाचे पैसे कुणाचे? खेळणाऱ्यांनीच पैसे घालून जिंकणाऱ्यानं सगळे उचलायचे असतील तर तो जुगारच. आमच्या स्पर्धेत प्रवेश फी मैदानाच्या आणि ॲम्ब्युलन्सच्या खर्चाची होती, आणि बक्षीस आयोजकांकडून चषकाचं. मौलाना म्हणाले, पैज लावणाऱ्यांच्या जवळ उभे राहू नका, आणि जिवाला धोका होईल असं काही करू नका.

मग त्यांनी बुखारी शरीफमधली घोड्यांच्या शर्यतीची हकिकत सांगितली. हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी मदिन्यात शर्यती लावल्या तेव्हा तयार केलेल्या घोड्यांसाठी हफ्यापासून सनियतुल विदापर्यंतचं अंतर होतं, पाच-सहा मैलांचं. आणि तयार न केलेल्यांसाठी सनियतुल विदापासून बनी जुरैकच्या मशिदीपर्यंत, सुमारे एक मैल. हजरत अब्दुल्लाह इब्न उमर स्वतः त्यात होते. ‘तयार केलेला’ घोडा म्हणजे आधी भरपूर चारून मग खुराक कमी करत, झूल घालून घाम काढत अंगातली चरबी उतरवलेला. धाकटा एकदम म्हणाला, ‘‘म्हणजे आपण डांबर काढलं तेच!’’ मौलाना हसले. घोडा आणि मोटार एकच असं त्यांनी म्हटलं नाही, आम्हीही म्हणत नाही. पण दोन तयारीच्या जनावरांना दोन वेगळी अंतरं देण्यातला न्याय आम्हाला फार आवडला. आजही गाड्यांचे वर्ग पाडतात ते त्याच कारणासाठी.

पोशाखाचा प्रश्न सर्वांत सोपा निघाला. सैल ओढणी किंवा सिंथेटिक स्कार्फ चालत नाही. आग लागली तर तो वितळून कातडीला चिकटतो. हेल्मेटच्या आत आग न धरणाऱ्या कापडाची टोपी घालतात, तिच्यात डोळे सोडून केस, कान, गळा सगळं झाकलं जातं. वरून गळ्यापासून घोट्यापर्यंत सुती ओव्हरऑल. ती तयार होऊन आली तेव्हा अम्मी म्हणाल्या, ‘‘बुरख्यात तरी चेहरा ओळखू यायचा.’’ हेल्मेट आणि ती टोपी तिनं आपल्या सात हजारांतून घेतली, वरचे पैसेही स्वतःचेच घातले.

स्पर्धेला महिलांचा वर्ग वेगळा होता, सहा जणी. पाच गाड्या मारुतीच्या, त्यांत एक जिप्सी आणि एक एस्टीम, आणि आमची पद्मिनी. टेम्पोवरून उतरवली तेव्हा लोक फोटो काढायला जमले; त्यांना ती गंमत वाटत होती. पहिल्या फेरीत बहिणीनं फार सांभाळून चालवली, दोन मिनिटं एकवीस सेकंद. परत आल्यावर म्हणाली, ‘‘अब्बा शेजारी बसल्यासारखी चालवली मी.’’ दुसऱ्या फेरीत तिसऱ्या वळणावर मागची बाजू इतकी सरकली की आम्ही तिघा-चौघांनी एकदम कलमा पढला. पुढं दुसरा गिअर निसटू लागला, तर तिनं तो डाव्या हातानं दाबून धरला आणि दोन वळणं उजव्या हातानं काढली. दोन मिनिटं चौदा सेकंद. खुणेला धक्का नाही. तिसरा नंबर आला.

चषक अम्मींच्या कपाटात आहे, काचेच्या भांड्यांशेजारी. चेंबर गार्डला मधोमध मोठा पोचा पडला आहे आणि मागच्या ॲक्सलचं ऑइल सील गळतंय. धाकट्याला पुढच्या वेळी स्वतः चालवायची आहे. बहीण म्हणते, चाळीसातले सात हिस्से तिनं विकलेत हे खरं, पण सीट तिच्या मापानं बसवली आहे, ती आता मागं सरकत नाही.