वन ऑफ माय सन

न्यू टाउनच्या ॲक्शन एरिया वनमध्ये राहायला येऊन मला सात वर्षं झाली. मी बंगालीतून मराठीत अनुवाद करते. त्यावरून आमच्या इमारतीने असा निष्कर्ष काढला आहे की, मला इंग्रजी उत्तम येत असणार. अर्ज, तक्रारी, बँकेची पत्रं, सगळं तपासायला माझ्याकडे येतं. गेल्या हिवाळ्यात खालच्या मजल्यावरच्या मासिमा कॅनडाच्या व्हिसासाठी लिहिलेलं पत्र घेऊन आल्या. पहिलंच वाक्य होतं, 'वन ऑफ माय सन लिव्ह इन टोरॉन्टो.'

मी काही न विचारता 'सन'ला एस लावून टाकला. ही चूक माझ्या घरचीच. कॉलेजात मी सर्रास 'वन ऑफ माय फ्रेंड' म्हणायचे, कारण डोक्यात 'माझी एक मैत्रीण' असायची. बंगालीतही तसंच, 'आमार एक बंधु'. आपण त्या एकीला थेट हाताला धरून पुढे आणतो. इंग्रजी मात्र आधी सगळ्या मैत्रिणींना रांगेत उभं करते आणि मग त्यातली एक निवडते. म्हणून 'ऑफ'नंतर अनेकवचन, आणि क्रियापद त्या निवडलेल्या एकीचं, एकवचनी. मराठीत 'माझ्या मैत्रिणींपैकी एक' असं म्हणता येतं, पण रोजच्या बोलण्यात ते वाटणीपत्रातून उचलल्यासारखं वाटतं.

बंगालीची मोजणी तर आणखी निराळी. बाजारात 'पाँचटा आम' म्हणायचं. आकड्याला 'टा' लागतो, आम आहे तसाच राहतो. आपल्याकडे आंब्याचे आंबे होतात. फणस मात्र एक असो की पाच, फणसच. आकडा असला तर माझं काम सोपं. नुसतं 'टेबिले बोई' आलं की मी अडते. टेबलावर पुस्तक आहे की पुस्तकं? बंगाली लेखकाला ते सांगायची गरज पडलेली नसते, मला मराठीत ठरवावंच लागतं. ठरवते, आणि पुढच्या प्रकरणात कधी कधी कळतं की चुकलं.

मासिमांनी चष्मा लावून माझा एस पाहिला. "हा कशाला?"

मी रांगेचं समजावून सांगितलं. 'वन ऑफ' म्हटलं की आधी सगळे मुलगे यायला हवेत. "पण तुम्हाला एकच मुलगा ना? मग नुसतं 'माय सन' लिहू."

त्या काही बोलल्या नाहीत. मी एस खोडायला पेन उचललं तेव्हा म्हणाल्या, "दोन होते. धाकटा एकोणीस वर्षांचा होता."

सात वर्षं मी त्यांच्या तोंडून 'आमार एक छेले टोरॉन्टोय थाके' ऐकत आले होते आणि त्याचा अर्थ 'मला एकच मुलगा' असा लावत आले होते. त्यांनी 'एकच' कधीच म्हटलं नव्हतं. 'माझा एक मुलगा टोरॉन्टोला असतो' एवढंच त्या सांगत होत्या, आणि मराठीतही ते वाक्य दुसऱ्या मुलाला जागा ठेवून बोलता येतं. अनुवादात मी हे एका वाचनात पकडलं असतं, असं म्हणायला मन धजत नाही.

"मग काय लिहायचं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की दोन्ही वाक्यं व्याकरणात बसतात. व्हिसाच्या दृष्टीने 'माय सन' सरळ, कोणी प्रश्न विचारणार नाही.

"विचारू देत," त्या म्हणाल्या. "एस राहू दे."

माझ्याच टेबलाशी बसून त्यांनी नव्या कागदावर पत्र उतरवून काढलं. सावकाश, शाळेतल्यासारख्या अक्षरात. 'सन्स'पर्यंत आल्या, मग थांबल्या. माझ्या कच्च्या कागदावर 'लिव्ह'लाही मी एस लावला होता.

"इथेही दोघं?"

"नाही मासिमा. हा एस एकाचाच. जो तिथे राहतो त्याचा."

त्यांनी मान हलवली आणि पुढे लिहू लागल्या.